मधलं सत्र

(इंदिरानगर, नाशिक येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य झालं, गोदावरीचं पाणी झालं, द्राक्षशेती झाली. यंदा मी ‘व्हिसा’ हा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या भुवया उंचावल्या. विषय रूक्ष आहे, हे मान्य. पण रथचक्र चौकापासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहा, एखाद्या तरी दाराआड आईवडील दोघंच राहतात आणि मूल बाहेर शिकतंय. त्या घरातल्या रात्रीच्या फोनवर साहित्याची चर्चा होत नाही. कार्ड आलं का, अपॉइंटमेंट मिळाली का, हेच बोलणं असतं. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर मुलांचे फॉर्म भरून देत राहिले. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात कागदपत्रांवर बोलायला संकोच वाटायचं कारण नाही.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. परदेशी शिकायला जाण्याचा पहिला व्हिसा आपण देव पाण्यात घालून मिळवतो. बँकेचं कर्ज, मुलाखत, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाणं, सगळं घर त्यात गुंतलेलं असतं. मुलगी जर्मनीला किंवा अमेरिकेला पोचली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पुढच्या वर्षी तिचं विद्यापीठ तिला एका सत्रासाठी स्पेनला किंवा इंग्लंडला पाठवतं, तेव्हा घरात पेढे वाटले जातात, कागद कुणी बघत नाही. गोची होते ती याच मधल्या सत्रात. आणि बहुतेक वेळा ती जाताना होत नाही, परतताना होते.

पहिल्या देशाचा परवाना ‘इथे राहून शीक’ असं सांगतो. दुसऱ्या देशाचा परवाना ‘इथे येऊन शीक, पण एवढेच दिवस’ असं सांगतो. मुलीला एकाच वेळी दोन सरकारांना उत्तर द्यावं लागतं. एक विचारतं, तू बाहेर किती दिवस होतीस? दुसरं विचारतं, तू आत किती दिवस आहेस? विद्यापीठाने दिलेलं प्रवेशपत्र या दोघांपैकी कुणाचंच उत्तर नसतं. विद्यापीठ म्हणजे सरकार नव्हे, ही साधी गोष्ट हुशार मुलांच्याही लक्षात येत नाही, कारण तिथलं विद्यापीठ फार प्रेमाने पत्रं लिहितं.

हा प्रकार काही आजचा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा व्हिसा नावाची भानगडच नव्हती. अडथळे होते ते समाजाचे आणि पैशाचे. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण मात्र आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे, आणि काळाराम मंदिराच्या गावात ते सांगायलाच हवं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तिथून भारतात न येता थेट लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन ठिकाणी नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेलं पुस्तकांचं सामान पहिल्या महायुद्धात बुडालं. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. त्या आधारावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं. तो बेत पुढे टिकला नाही, पण १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. पदरात पडली. त्यांच्या विद्वत्तेवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. निघतानाच परतीची परवानगी पक्की करणाऱ्या त्यांच्या व्यवहारी शहाणपणावर फारसं कुणी बोलत नाही.

त्यांचं अमेरिकेतून बाहेर पडणं आणि तिथलं दार जवळजवळ बंद होणं, यांत फार अंतर नव्हतं. फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना प्रवेशबंदी केली. त्यातून विद्यार्थी वगळले होते, म्हणजे ‘विद्यार्थी’ ही सरकारी वर्गवारी तेव्हापासून महत्त्वाची ठरायला लागली. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये आला. युद्धापुरते म्हणून आणलेले कागद युद्ध संपल्यावर मागे घेतले गेले नाहीत.

आता आजच्या युरोपकडे येऊ, कारण आपल्या भागातली इंजिनिअरिंगची मुलं हल्ली तिकडेच अधिक निघाली आहेत. जर्मनीत जायचं तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून आधी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, मग ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, मग विमा, मग व्हिसा. तिथे पोचल्यावर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचं कार्ड मिळतं. हे कार्ड खिशात असलं की शेंगेन देशांमध्ये फिरायची मुभा असते, म्हणून मुलं पॅरिसला जातात, आम्सटरडॅमला जातात, आपल्या व्हॉट्सॲपवर फोटो येतात. या मोकळेपणामुळेच गैरसमज होतो. ही मुभा फिरण्यापुरती आहे, आणि तीही कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. एक सत्र चार-पाच महिन्यांचं असतं. त्याच वर्गातला जर्मन मुलगा ओळखपत्र खिशात टाकून व्हॅलेन्सियाला जातो. आपल्या मुलीला फाइल करावी लागते. गुण दोघांचे सारखेच असतात, पासपोर्टचा रंग तेवढा वेगळा.

यावर युरोपीय संघाने एक तोडगा काढलेला आहे, आणि तो फारच कमी पालकांना माहीत असतो. २०१६ चा एक निर्देश आहे, क्रमांक ८०१. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याकडे एका सदस्य देशाचा विद्यार्थी परवाना असेल, आणि तो इरॅस्मससारख्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या कार्यक्रमातून किंवा दोन विद्यापीठांमधल्या करारानुसार दुसऱ्या सदस्य देशात शिकायला जात असेल, तर त्या दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत राहून शिकता येतं. नवा व्हिसा घ्यावा लागत नाही. दुसरा देश आधी कळवा म्हणू शकतो. कळवल्यावर तीस दिवसांत हरकतही घेऊ शकतो. पैसे, विमा, तिथल्या विद्यापीठाचं स्वीकारपत्र, हे मागू शकतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत, त्यामुळे कोपनहेगनला किंवा डब्लिनला जायचं तर त्या देशाची परवानगी वेगळी. आणि ज्याच्यामागे कार्यक्रम नाही की करार नाही, जो स्वतःच पत्रव्यवहार करून चाललाय, त्याला ही सवलत नाही. त्याने रीतसर नवा अर्ज करायचा. इरॅस्मस मुंडस या संयुक्त अभ्यासक्रमांच्या मुलांना तर किमान दोन देशांत शिकावंच लागतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा सगळा खेळ अभ्यासक्रमाचाच भाग असतो.

या सवलतीतली कळीची अट अशी की पहिल्या देशाचं कार्ड दुसऱ्या देशातल्या पूर्ण मुक्कामात वैध हवं. आमच्याच ओळीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. नावगाव सांगत नाही. तिचं जर्मन कार्ड जुलैअखेर संपत होतं, स्पेनचं सत्र सप्टेंबरात सुरू होणार होतं, आणि मधे, ऑगस्टमध्ये, नाशिकला भावाचं लग्न होतं. नूतनीकरणाचा अर्ज तिने वेळेत केला होता. कार्ड काही मिळालं नाही. कार्यालयाने एक घडीचा कागद हातात ठेवला. अर्ज विचाराधीन आहे एवढं सांगणारा तात्पुरता दाखला. त्याच्या जर्मन नावाचा उच्चार तिच्या वडिलांना आजही जमत नाही. त्यांनी त्याचा फोटो मला पाठवला. आतल्या पानावर वेगवेगळ्या वाक्यांपुढे चौकोन छापलेले असतात आणि त्यातल्या लागू पडणाऱ्या चौकोनात अधिकारी खूण करतो. एका चौकोनाचा अर्थ, तुमचं इथलं राहणं निर्णय होईपर्यंत कायदेशीर समजलं जाईल. दुसऱ्याचा अर्थ, तुमचा जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालूच आहे. वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्यावर खूण असेल तर देशाबाहेर पडल्यावर त्या कागदावर परत आत येता येत नाही. दुसऱ्यावर असेल तर जुनं कार्ड आणि हा कागद दोन्ही जवळ ठेवून परत येता येतं. फोटो मोठा करून करून पाहिला. खूण दुसऱ्या प्रकारच्या चौकोनात होती. मुलगी लग्नाला आली आणि परतलीही. स्पेनच्या विद्यापीठाला मात्र तो कागद चालेना, त्यांना प्रत्यक्ष कार्ड हवं होतं. ते ऑगस्टच्या अगदी शेवटी मिळालं. तोवर घरातल्या मांडवात आनंद किती आणि घालमेल किती, हे वडीलच सांगू शकतील.

जर्मनीचा दुसरा नियम याहून गंभीर आहे. वरच्या निर्देशाखाली दुसऱ्या सदस्य देशात शिकायला गेलेल्यांचा अपवाद सोडला, तर निवास परवाना असलेला माणूस सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला की परवाना आपोआप संपतो. कुणी नोटीस देत नाही, कार्डावरची तारीख तशीच असते, कार्ड मात्र मेलेलं असतं. भाडेकरूने खोलीला कुलूप लावून गावी जावं आणि परतल्यावर कुलूप तेच, किल्लीही तीच, पण करार संपलेला, तसं हे. आधी अर्ज करून कार्यालयाकडून जास्तीची मुदत लिहून घेता येते. एका सत्राचा मुक्काम बहुधा सहा महिन्यांत बसतो. पण सत्र संपल्यावर लगेच उन्हाळी इंटर्नशिप मिळाली, त्यानंतर दिवाळीला घरी येऊन महिनाभर राहिलो, असं जोडत गेलं की सहा महिने कधी उलटले कळत नाही.

अमेरिकेचा हिशेब वेगळा आहे. तिथे पासपोर्टवर चिकटलेला व्हिसा हा फक्त दारावर जाण्याचा परवाना. आत आल्यावर राहणं चालतं ते आय-२० या विद्यापीठाच्या कागदावर आणि सरकारी संगणकातल्या नोंदीवर. विद्यापीठाच्या स्वतःच्या कार्यक्रमातून मुलगा एका सत्रासाठी लंडनला गेला आणि त्याची पूर्णवेळ नोंदणी मूळ विद्यापीठात चालू राहिली, तर नोंद जिवंत राहते. मध्येच सुट्टी घेऊन स्वतःच कुठे गेला आणि पाच महिन्यांहून जास्त काळ गेला, तर नवा आय-२०, पुन्हा शुल्क आणि सारं पहिल्यापासून. परतताना आय-२० वर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. पुढे कामाची परवानगी मिळवण्यासाठी वर्षभर शिकल्याची अट असते. बाहेरचं सत्र त्यात धरलं जातं, पण त्याआधी एक तरी पूर्ण सत्र अमेरिकेत काढलेलं असेल तरच. पहिल्याच सत्रात बाहेर जायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि त्या मधल्या सत्रात पासपोर्टवरचा व्हिसा संपला तर? पूर्वी मुलं जवळच्या एखाद्या देशातल्या अमेरिकन वकिलातीत अर्ज करून मोकळी व्हायची. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलंय की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा. लंडनमधल्या चार महिन्यांना वास्तव्य म्हणायचं की नाही, यावर मुलाचं वेळापत्रक टांगलेलं राहतं, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवावी लागते. लंडनच्या बाजूने पाहिलं तर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण साध्या पर्यटक व्हिसावर करता येतं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण त्यावर हॉटेलात चार तास काम करता येत नाही, आणि तिथे बसून त्याचा विद्यार्थी व्हिसात बदल करून घेता येत नाही. स्वस्त व्हिसा घेऊन तिथे गेल्यावर नोकरी शोधणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कायदा कळत नव्हता असं नाही, त्यांना घरभाडं कळत होतं. कॅनडातही सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला अभ्यास परवाना लागत नाही. आपल्या नागरिकांना आत शिरायला व्हिसा मात्र लागतोच.

इथवर सांगितलं ते शांततेच्या काळातलं. २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांनी याच प्रश्नाचं भयंकर रूप पाहिलं. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलं युद्धात सापडली. ऑपरेशन गंगाचं पहिलं विमान बुखारेस्टहून मुंबईला उतरलं ते २६ फेब्रुवारीला. परत आलेल्या भारतीयांचा आकडा साडेबावीस हजारांच्या घरात गेला. आपण विमानं पाहिली, पुष्पगुच्छ पाहिले. पण त्या मुलांनी ओलांडलेल्या सीमांचा विचार करा. पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय येऊ दिलं, ते माणुसकीने. मार्चच्या सुरुवातीला युरोपीय संघाने युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण दिलं, पण त्याचा हक्क मुख्यतः युक्रेनच्या नागरिकांना होता. मायदेशी सुखरूप जाऊ शकणारा परदेशी विद्यार्थी त्यात बसत नव्हता. एकाच आगगाडीतून उतरलेल्या दोन वर्गमैत्रिणींपैकी एकीला राहता येणार होतं, दुसरीला विमान पकडायचं होतं.

खरा पेच घरी पोचल्यावर पडला. आपल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे युद्धाच्या जेमतेम तीन महिने आधी, नियम केला होता: परदेशातला वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि तो संपूर्ण एकाच संस्थेत हवा. नियमामागचा हेतू चांगला होता. मधेच देश बदलून, सोप्या महाविद्यालयात शिरून पदवी उचलणाऱ्यांना आळा घालायचा होता. पण कॉलेजावर बाँब पडला तर मुलाने ‘एकाच संस्थेत’ कसं शिकायचं, हा विचार त्यात असणार कसा? अखेर ६ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने सूट दिली. मुलांनी तात्पुरतं जगातल्या दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकावं, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठानेच द्यावी. आपल्या आजच्या विषयाची याहून नेमकी सरकारी व्याख्या सापडणार नाही. काही मुलं जॉर्जियाला गेली, काही मध्य आशियात. समरकंदच्या वैद्यकीय विद्यापीठाने हजाराहून अधिक मुलांना सामावून घेतलं. प्रत्येकाला नव्या देशाचा व्हिसा, नवा निवास परवाना, आणि त्याच वेळी युक्रेनमधल्या नोंदणीचा धागा तुटू न देणं, असं दुहेरी करावं लागलं. युद्धामुळे जिथे जाताच येत नव्हतं त्या देशाचे कागद जिवंत ठेवायचे होते. भारतातल्या महाविद्यालयांत मात्र त्यांना जागा मिळाली नाही. आपलीच मुलं, पण आपल्या वर्गात त्यांना बसवायला नियम आडवा आला. गुणवत्तेचा मुद्दा मला पटतो. तरीही हे लिहिताना हात अडखळतो.

मग प्रश्न असा की एवढं सगळं असताना मधल्या सत्राबद्दल मुलांना आधी कुणी का सांगत नाही? कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या कमी नाहीत. पण बहुतेकांचं उत्पन्न विद्यापीठाकडून प्रवेशावर मिळणाऱ्या कमिशनचं असतं. मुलगा एकदा दाखल झाला की त्यांचा हिशेब मिटला. दुसऱ्या वर्षी तो स्पेनला जातोय, यात त्यांना काय मिळणार? मी त्यांना दोष देत नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. तिथल्या विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय कार्यालयं चांगली असतात, पण ती सगळ्यांना एकच ईमेल पाठवतात आणि त्यात तळाशी ‘व्हिसाविषयक अटी आपापल्या पाहाव्यात’ असं असतं. जर्मन मुलाच्या दृष्टीने ती ओळ रिकामी आहे. आपल्या मुलीचं सगळं वर्ष त्या ओळीत असतं.

हे आता परदेशापुरतं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय आणि परदेशी संस्थांच्या संयुक्त अभ्यासक्रमांचे नियम केले. ‘ट्विनिंग’ प्रकारात विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी तीस टक्क्यांपर्यंत परदेशी संस्थेत मिळवता येतात. म्हणजे इथल्या कॉलेजात नाव असलेला मुलगाही एखाद-दुसऱ्या सत्रासाठी बाहेर जाणार आणि परत येणार. सामंजस्य करारांच्या बातम्या वर्तमानपत्रात फोटोसह येतात. श्रेयांक कसे मोजायचे याचा ऊहापोह भरपूर होतो, पण सत्र लांबलं किंवा नापास झाला तर वाढीव मुक्कामाच्या परवान्याचं काय, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

उलट्या बाजूनेही हेच आहे. तिकडचा विद्यार्थी एका सत्रासाठी आपल्याकडे आला तर आपलं सरकारही तसंच वागतं. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी. आणि ज्याच्या घरी तो उतरला, त्या घरमालकाने चोवीस तासांत परदेशी पाहुण्याची नोंद करणारा सरकारी फॉर्म भरायचा. इंदिरानगरमधल्या किती पाहुणचारी घरांना हे माहीत आहे? वरच्या मजल्यावरची खोली जर्मन मुलाला प्रेमाने द्यायची, त्याला थालीपीठ खायला घालायचं आणि फॉर्म मात्र भरायचाच नाही, असं झालं की पुढे मुदतवाढ मागताना त्याच्यापुढे प्रश्न उभे राहतात. आपल्या मुलीला तिकडे जो त्रास झाला तो आपण नकळत दुसऱ्याच्या मुलाला देऊन बसतो.

तेव्हा ज्यांची मुलं इथल्या कॉलेजातून ट्विनिंगसारख्या करारावर निघाली आहेत, त्यांनी प्राचार्यांना भेटून करारातलं निवास परवान्याचं कलम दाखवायला सांगावं. नसेल तर घालून घ्यावं, निघण्याआधी. आता प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास आहे. मुलांच्या कार्डांचे फोटो फोनमध्ये असतील त्यांनी दोन्ही बाजूंचे काढून ठेवा. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या शेऱ्यांपासूनच सुरुवात करू.